वेगळा पेला



मागच्या महिन्यात मंडईजवळ राहणारी एक माउली मिस्सानंतर भेटली. तिचा तेरा वर्षांचा मुलगा क्रिकेटच्या सरावाला जाईनासा झाला होता. नवरा मंडईत हमाली करतो. संघातली मुले आपापल्या बॅगा या मुलाच्या पाठीवर चढवायची आणि म्हणायची, ‘तुमच्या घरचंच काम आहे.’ प्रशिक्षक भला माणूस. त्याने मुलाला जवळ घेतले, जादा सराव दिला. ‘तू विकेट काढ, म्हणजे सगळे आपोआप गप्प बसतील,’ असे सांगितले. तरी मुलगा घरीच.

‘फादर, सर एवढं करतात, मग हा उभारी का धरत नाही?’ तिने विचारले. मला उत्तर सुचले नाही. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला उत्तर उशिरा सुचते.

घरी आल्यावर बाळू पालवणकर आठवले. चर्मकार समाजातला हा मुलगा १८९० च्या दशकात आपल्या पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामे करी. जे. जी. ग्रेग या फलंदाजाने त्याला तासन् तास गोलंदाजी करायला लावली. डावखुऱ्या फिरकीला त्यातून धार आली. हेच ग्रेग साठी ओलांडल्यावर कॅथलिक धर्मगुरू झाले. हे वाचून मला साहजिकच आनंद झाला. पण त्या सरावात बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही, हेही त्याच हकिकतीत आहे.

पुढे युरोपियनांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र सगळ्यांना कपबशी, आणि बाळूंना बाहेर मातीच्या पेल्यात. जेवायलाही ताट वेगळे. विकेट तर ते ढिगाने काढत होते! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले.

म्हणजे ‘विकेट काढ’ हा सल्ला अपुराच नव्हे, मला तो चुकीचाही वाटतो. त्यातून मुलाला कळते की मान हा मिळवावा लागतो, आणि ज्याला विकेट मिळत नाही त्याने ओझी उचलावीत. माणसाची किंमत त्याच्या कसबाच्या आधीची असते. न्यायमूर्ती रानड्यांनी हे नेमके ओळखले. बाळूंची पाठ थोपटून ते थांबले नाहीत. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत, असे त्यांनी भर समारंभात इतर खेळाडूंना विचारले. दुखावलेल्याला धीर देणे सोपे असते. दुखावणाऱ्यांना, तीही आपलीच मुले असताना, उभे करून बोलायला अधिक धैर्य लागते.

मी त्या प्रशिक्षकाला भेटलो. तो आधी थोडा रागावला, आणि ते स्वाभाविकच होते. मग त्याने सगळ्या मुलांना बसवून झाला प्रकार नाव न घेता बोलून दाखवला. आता ज्याची बॅग त्याने उचलायची, आणि स्टंप स्वतः सर नेतात.

मुलगा पंधरा दिवसांनी परत जाऊ लागला. गेल्या शनिवारी त्याच्या दोन षटकांत एकवीस धावा निघाल्या. आईने हे मला हसत हसत सांगितले.