ट्रॉलीचा भार आणि शेजाऱ्याचा जीव



कापसाची वेचणी सुरू झाली की वणी, पांढरकवडा, आर्णी, घाटंजीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसू लागतात. वर्षभराचा घाम त्या ट्रॉलीत असतो. एका खेपेत भागावे म्हणून दोन क्विंटल अधिक भरण्याचा मोह होतो. आज त्याच मोहाविषयी थोडे बोलू या.

प्रभू येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू बनवीत असे, असे दुसऱ्या शतकातील संत जस्टीन यांनी लिहून ठेवले आहे. जू करणाऱ्याला भार कोठे पडतो हे कळावेच लागते. आपल्या वाडवडिलांनाही ते कळत होते. बंडीत मागे ओझे जास्त झाले की ती उलाळ व्हायची. पुढे जास्त झाले की बैलांच्या माना दबायच्या.

दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच आहे. मागे भार जास्त झाला तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली डोलू लागते. पुढे फार झाला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते व स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून निम्म्याहून थोडा अधिक भार आसाच्या पुढे असावा, जड पोती तळाशी असावीत आणि दोन्ही बाजू सारख्या असाव्यात. ट्रॉली डोललीच तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग सरळ धरून वेग हळूहळू कमी करावा.

शेतातून रस्त्यावर येताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक कडीने जोडावेत. एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो. हुकाच्या पिनेला खिट्टी लावावी. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर उतारावर तीच ट्रॅक्टरला ढकलते. तेथे डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे म्हणजे जिवाशी खेळ.

अपघातानंतर आपण म्हणतो, “कुणाचे वाईट चिंतले नव्हते.” खरे आहे. पण चांगला हेतू पुरेसा आहे काय? मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. मागे लाल रिफ्लेक्टर न लावणे, बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकाला लावलेला दगड रस्त्यावरच टाकून जाणे, ही अशीच न केलेली कर्तव्ये आहेत. रात्री मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाला तो दगड दिसत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. तो भरता येतो. गेलेला जीव भरून देता येत नाही.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात देवाची आज्ञा आहे : नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे तेथून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. कोण पडेल हे बांधणाऱ्याला ठाऊक नसते. तरीही त्याची काळजी आधीच घ्यायची असते. नीट बांधलेला दोर, घट्ट पिन आणि मागचा लाल दिवा हे आपल्या ट्रॉलीचे कठडे आहेत.

मालकांनो, मजुरांना मालावर बसवू नका. ड्रायव्हर “आता पुरे” म्हणाला तर त्याचे ऐका. उरलेला कापूस दुसऱ्या खेपेत नेता येईल.

प्रभू तुमच्या कष्टांना आणि प्रवासाला आशीर्वाद देवो. आमेन.