पडदा कोणापासून?

रात्री उशिरा मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाला अपघात विभागात आणले जाते. कपाळावर जखम असते, बोलणे अडखळत असते. डॉक्टर सोबतच्यांना विचारतात, "याने काही घेतले होते का?" वडील मान खाली घालतात. भाऊ घाईने सांगतो, "नाही डॉक्टरसाहेब, आमच्या घरात असले काही चालत नाही." घरात चालत नाही, हे खरे असते. त्याने घेतले नव्हते, हे मात्र खरे नसते आणि भावाला ते ठाऊक असते.

हे उत्तर दुष्ट हेतूने दिलेले नसते. त्यामागे घराची अब्रू असते, पोलीस केसची धास्ती असते आणि एक धार्मिक भावनाही असते. जो आपल्या मुस्लिम बांधवाचा दोष झाकतो, त्याचा दोष अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, अशी शुभवार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. मग भावाने तेच केले नाही का? या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार करणे आवश्यक आहे.

मद्य हराम आहे, याविषयी शंकेला जागा नाही. पवित्र कुरआनने हा आदेश टप्प्याटप्प्याने दिला. मद्यात काही लाभ असला तरी त्याचे पाप लाभाहून मोठे आहे, असे आधी सांगितले (अल-बकरा : २१९). मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली (अन-निसा : ४३) आणि अखेरीस त्यापासून पूर्णपणे दूर राहण्याची आज्ञा झाली (अल-माइदा : ९०). नशा आणणारी प्रत्येक वस्तू या आज्ञेत येते, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे. म्हणून "आमचा मुलगा दारू पीत नाही, फक्त गोळ्या घेतो" या समाधानाला काहीही अर्थ नाही. नशेसाठी घेतलेली झोपेची गोळी किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषधही त्याच आज्ञेखाली येते.

परंतु अपघात विभागातील प्रश्न हलाल-हरामचा निवाडा करण्यासाठी विचारलेला नसतो. मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस आणि नशेत असलेला माणूस, दोघेही गुंगीत असतात, दोघांचेही बोलणे अडखळते. एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पोटात मद्य असताना भूल दिली आणि उलटी श्वासनलिकेत गेली, तर जिवावर बेतते. झोपेच्या गोळ्या घेतलेल्याला वेदनाशमनासाठी अफूवर्गीय औषध दिले, तर श्वास मंदावू शकतो. रोज पिणाऱ्याचे मद्य अचानक बंद झाले की पहिल्या दिवसातच हात थरथरू लागतात. दोन ते चार दिवसांत भ्रम, झटके आणि तीव्र ताप येऊ शकतो. डॉक्टरांना आधी माहिती असेल, तर यावर वेळीच उपचार होतात. माहिती नसेल, तर त्यांचा मौल्यवान वेळ अंदाज बांधण्यात जातो.

एक जीव वाचविणे म्हणजे जणू साऱ्या मानवजातीला वाचविणे, ही कुरआनची शिकवण आपण अभिमानाने सांगतो. मग त्या जिवाची किल्ली आपल्या एका शब्दात असताना तो शब्द गिळून टाकणे, याला दोष झाकणे म्हणता येईल का?

प्रेषितांच्या (स.) काळातील एक प्रसंग येथे मार्ग दाखवितो. हजरत हिंद (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) येऊन तक्रार केली की, पती हात आखडता ठेवतात, घरखर्चाला पुरेसे देत नाहीत. पतीचा हा दोष त्यांनी पाठीमागे सांगितला, तरी प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले नाही; उपाय सांगितला. इमाम नववी यांनी याच आधारे लिहिले आहे की, ज्याच्याकडे उपाय आहे त्याला गरजेपुरता दोष सांगणे ही निंदा नव्हे. म्हणजे पडदा शेजाऱ्यापासून आहे, चौकातल्या गप्पांपासून आहे. उपचार करणाऱ्यापासून नाही. आपण मात्र अनेकदा उलटेच करतो. डॉक्टरांना सांगत नाही आणि भेटायला आलेला नातेवाईक ती बातमी मोहल्लाभर पोहोचवितो.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. विचारणाऱ्याच्या नजरेत तिरस्कार असेल, तर खरे कोण सांगेल? मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) रोखले आणि सांगितले की, हा अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. शिक्षा टळली नाही, पण माणूस टाकून दिला गेला नाही. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितले की, जखमी निर्दोष असो वा अपराधी, त्याचा जीव वाचविणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. आपल्यातील डॉक्टर आणि परिचारिका भगिनींनी कळलेली गोष्ट अमानत म्हणून जपावी.

सत्य सांगण्याचा आणखी एक लाभ आहे. अमेरिकेतील सिएटल शहरातील हार्बरव्ह्यू रुग्णालयात अडीच हजारांवर जखमींची चाचणी केली, तेव्हा जवळपास निम्म्यांच्या बाबतीत मद्याची समस्या आढळली. त्यांतील काहींशी खाटेजवळ बसून सुमारे अर्धा तास, दोष न देता बोलण्यात आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभराने त्यांचे पिणे आठवड्याला सरासरी २२ पेल्यांनी घटले होते; ज्यांच्याशी असे बोलणे झाले नाही, त्यांचे केवळ सातने. वेदनेत पडलेला माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. तौबाचे दार त्या खाटेशेजारीच उघडलेले असते. आपल्या खोट्या उत्तराने आपणच ते लोटून देतो.

पोलिसांची भीती निराधार नाही. नशेत वाहन चालविणे हा गुन्हा आहे आणि त्याची जबाबदारी चालविणाऱ्याने घ्यावीच लागेल. पण खटला सोसता येतो, दंड भरता येतो. गेलेला जीव परत येत नाही.

म्हणून ती वेळ आलीच, तर डॉक्टरांना बाजूला घेऊन हळू आवाजात खरे सांगावे. काय घेतले, किती घेतले, केव्हा घेतले. मग बाहेर येऊन दुआ करावी आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला एवढेच सांगावे, "अपघात झाला आहे, दुआ करा." अल्लाह आपल्या मुलाबाळांना या विषापासून दूर ठेवो आणि जे त्यात अडकले आहेत, त्यांच्यासाठी परतीची वाट सुकर करो. आमीन.