वाचलेल्या घराचे ऋण

वादळ ओसरल्यावर गावातून नातलगांस जो पहिला निरोप जातो, त्याचे शब्द बहुधा ठरलेले असतात. "देवाच्या दयेने आम्ही सर्व सुखरूप आहोत, घर वाचले." पूर्वी हे कार्डावर लिहीत, हल्ली दूरध्वनीवरून कळवितात, एवढाच फरक. त्याच निरोपात पुढे मुलीचे बाळंतपण, धाकट्याच्या परीक्षेचा निकाल, आत्याबाईंचे दुखणे व लांबणीवर पडलेले लग्न ही वार्ता येते. आणि अगदी शेवटी, "शेजाऱ्यांचे मात्र छप्पर गेले," असे एक वाक्य येते. या शेवटच्या वाक्याने आपल्यावर काही कर्तव्य येते काय, याचा आज आम्ही वाचकांबरोबर विचार करू इच्छितो.

ता. 3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन आदळले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरांहून अधिक होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, दूरध्वनी बंद पडले होते, आणि त्यातच कोरोनाच्या साथीचे निर्बंध असल्यामुळे मुंबईच्या चाकरमान्यांस घरच्यांचा समाचार घेणे कठीण झाले. पुढील वर्षी, मे 2021 मध्ये, 'तौक्ते' वादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून गुजरातेकडे गेले व पुन्हा हानी झाली. आपले शहापूर व मुरबाड तालुके समुद्रापासून आत आहेत. तथापि मृगाच्या तोंडावर सुटणारा वारा कौले कशी उधळतो आणि पत्रे कसे उडवितो, हे भातसेच्या खोऱ्यातील माणसांस सांगावयास नको.

घर वाचले म्हणून उपकार मानणे योग्यच आहे. कृतज्ञ नसलेल्या मनुष्यापेक्षा कृतज्ञ मनुष्य केव्हाही बरा. परंतु आमचे घर दयेने वाचले असे म्हणताना, शेजाऱ्याच्या घरावर दया झाली नाही असे आपण नकळत म्हणत नाही ना, हे पाहिले पाहिजे. भातसानगरासारख्या धरणाच्या कामासाठी वसलेल्या वसाहतीतील पक्क्या घरावरून आणि जवळच्या पाड्यावरील कुडाच्या झोपडीवरून जाणारा वारा एकच असतो. पोफळ पडते ती तिचा बुंधा बारीक व मूळ उथळ म्हणून. झोपडी उडते ती तिच्या मालकाला भिंत बांधण्यास पैसा मिळाला नाही म्हणून. यात पुण्यपापाचा हिशेब शोधणे अन्यायाचे आहे. वाचलेले घर हे आपल्या चांगुलपणाचे प्रशस्तिपत्र नव्हे.

मग ते काय आहे? आमच्या मते ते ऋण आहे. ज्याचे छप्पर गेले त्याचे दोन्ही हात त्या छपरात गुंतले. ज्याचे राहिले त्याचे हात मोकळे राहिले. हे मोकळे हात त्याने कमाविलेले नाहीत, त्याजकडे राहिलेले आहेत. आणि जे कमाविलेले नाही ते केवळ आपल्यासाठी ठेवण्याचा अधिकार कोणास सांगता येईल?

यावर कोणी म्हणेल, "प्रथम आपले कुटुंब, मग इतर." हे म्हणणे टाकाऊ नाही. ज्या बापाने तापलेले मूल घरी टाकून शेजाऱ्याची बाग साफ केली, त्याची वाहवा आम्ही करणार नाही. परंतु वादळानंतर खरी क्रमवारी माणसांची नसून गरजांची असते. तुटलेली विजेची तार प्रथम. तिला कोणी हात लावू नये, तेथे मुलेगुरे जाऊ नयेत, म्हणून पहारा ठेवून वीज कंपनीस कळवावे. नंतर दुखणाईत व बाळंतीण यांच्यासाठी वाट मोकळी करावी. नंतर विहीर उपसून पाणी शुद्ध करावे. नंतर छप्पर, कारण जूनचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. बाग त्यानंतर, आणि पडलेल्या लाकडाची वाटणी सर्वांच्या शेवटी. या क्रमाने पाहिले असता, आपल्या अंगणातील पाचोळा झाडण्यापूर्वी शेजाऱ्याच्या घरावर ताडपत्री घालणे प्राप्त होते, आणि यात आपल्या कुटुंबाची काही हानी होत नाही.

प्रामाणिकपणाची कसोटीही याच दिवसांत लागते. नुकसानीचा पंचनामा होण्यापूर्वी सर्व साफ केले तर पुरावा जातो. म्हणून छायाचित्रे घ्यावी, झाडे मोजावी, मगच कुऱ्हाड चालवावी. अर्धी मुळे जमिनीत असलेले तरुण आंब्याचे झाड, फांद्या छाटून व टेकू देऊन, पुन्हा उभे करता येते. ते घाईने तोडू नये. मोजताना पडलेली दहा झाडे पंधरा सांगू नयेत. तसेच निरक्षर शेजाऱ्याची दहा झाडे सातच लिहिली गेली तर गप्प बसू नये. पहिले खोटे आपण लवकर ओळखतो. दुसऱ्या मौनास मात्र खोटे म्हणावयास आपली जीभ रेटत नाही. वास्तविक दोहोंनी सारखीच चोरी होते.

शेवटी एक गोष्ट विशेषेकरून सांगावीशी वाटते. बागेची भरपाई ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यास मिळते. त्या बागेत सुपारी सोलणारी बाई, आंबे उतरविणारा गडी, बांधावर राबणारा कातकरी किंवा ठाकर यांची रोजी झाडांबरोबरच पडलेली असते. पण तिची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. नव्या पोफळीस फळ धरावयास पाच-सहा वर्षे तरी लागतात. मालकास तो काळ कठीण जातो. मजुरास तो काढावयाचा कसा, हेच कळत नाही. म्हणून ज्याच्या हाती भरपाई आली, त्याने बाग साफ करण्याचे काम प्रथम आपल्या जुन्या गड्यांस द्यावे व मजुरी त्याच संध्याकाळी चुकती करावी. हे दान नव्हे. जी हानी सरकारी कागदावर येऊ शकली नाही, तिची ही आपल्या हातची नोंद होय.

बारसे होवो, लग्न होवो, घरची वार्ता आनंदाने कळविली जावो. दुःखाच्या गावात आनंद करू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरी मूल जन्मले तेथे हसू फुटावेच. फक्त त्या बारशाच्या पंक्तीत, ज्यांची चूल पावसात विझली आहे त्यांची पाने आधी मांडली जावीत.