नाव परत आलं म्हणून

मामा पुन्हा कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबच्या मागे फिरू लागला आहे. आजोबांच्या नोकरीमुळे त्याचं बालपण हावड्यात गेलं, आणि हिरवा-मरून रंग तेव्हापासून त्याच्या अंगात भिनलेला. महाराष्ट्रात आल्यावर संघ इकडे आला की तो जायचाच, मग सामना मुंबईत असो की मडगावच्या फातोर्ड्याला. २०२० मध्ये मात्र त्यानं जाणं सोडलं. क्लबच्या फुटबॉलचे ८० टक्के समभाग एटीके या संघाच्या मालकांकडे गेले आणि संघ ‘एटीके मोहन बागान’ म्हणून मैदानात उतरला. आता त्याला पुन्हा रेल्वेची तिकिटं काढताना पाहून मला मनापासून बरं वाटतं. पण एक गोष्ट खटकत होती, ती विचारलीच.

“मालक तेच आहेत ना, मामा?”

“तेच.”

“मग परत का जातोस?”

“नावासाठी. १९११ ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात इंग्रजांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवलं ते या नावानं. अकरातले दहा जण अनवाणी खेळले होते. त्या नावाच्या डोक्यावर दुसरं नाव बसवलं, ते मला पाहवेना.”

“पण १९९८ नंतर ‘मॅकडॉवेल मोहन बागान’ म्हणत होते. दारूच्या कंपनीचं नाव, तेही पुढेच. तेव्हा तर तू जात होतास.”

मला वाटलं, इथे तो अडेल. तो अडला नाही.

“मॅकडॉवेल ही जाहिरात होती. पैसे देणारा बदलला की पुसली जाते. एटीके हा दुसरा संघ होता, आमच्याच गावातला. २०१४, २०१६ आणि २०२० चे इंडियन सुपर लीगचे, म्हणजे आयएसएलचे चषक त्याच्या नावावर. ते नाव जोडल्यावर आमचा १८८९ पासूनचा इतिहास आणि त्यांचा सहा वर्षांचा एकाच कपाटात गेला. जाहिरात सोसता येते. आपण कोण, हेच कुणी बदलायला लागलं तर कसं सोसायचं?”

हा फरक मला पटला, अजूनही पटतो. तरी प्रश्न तिथे संपत नव्हता.

“छातीवरची होडी तीच होती. रंग तेच. खेळणाऱ्या पोरांनी काय केलं होतं? त्यांना कसली शिक्षा?”

तो बराच वेळ बोलला नाही. “त्यांचं देणं लागतो मी,” शेवटी म्हणाला. “पण मी जाऊन बसलो असतो तर मालकांना एवढंच कळलं असतं, की काहीही करा, ही माणसं येतातच.”

१८ मार्च २०२३ ला फातोर्ड्याला आयएसएलचा अंतिम सामना झाला. बंगळुरूशी २-२ बरोबरी, मग पेनल्टीवर ४-३ असा विजय. त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं, की पुढच्या मोसमापासून एटीके हे नाव जाईल.

“चषक मिळाला आणि मालक प्रसन्न झाले,” मी म्हणाले. “दिलेलं घेऊन तू परतलास.”

“दिलेलं? तीन वर्षं पोरं ‘रिमूव्ह एटीके’ म्हणून ओरडत होती. चषकाचा आनंद मला झाला नाही असं नाही. पण पाय पुन्हा मैदानाकडे वळले ते नाव सुटलं तेव्हा.”

“आणि नव्या नावातलं ‘सुपर जायंट’? लखनौच्या क्रिकेट संघालाही त्यांनी तेच लावलंय.”

“ते सलतं. पण त्या नावाचा दुसरा कुठला फुटबॉल संघ नाही, जो आमच्यात मिसळला. म्हणून सोसतो.”

मग मी महिंद्रा युनायटेडचं काढलं. मुंबईचा संघ, २००६ चा राष्ट्रीय लीग विजेता. २०१० मध्ये कंपनीनं तो बंद केला. ज्यांचा जीव त्या संघात होता, त्यांना भांडायला नावसुद्धा उरलं नाही. उलट मोहन बागानला आयएसएलमध्ये जायला पैसा हवा होता, तो या मालकांनी आणला. आणि महामारीनंतर मैदानं प्रेक्षकांना खुली झाल्यावर जे तिथे जाऊन बसत राहिले, त्यांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर संघाला खेळू दिलं नाही. मामाचा जुना दोस्त त्यातलाच; फातोर्ड्याला तो होता. मामाच्या माघारीला मी कमी लेखत नाही, पण ती त्याला परवडली, कारण दुसरं कुणी तिथे उभं होतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

“खरं आहे,” तो म्हणाला. “आणि मी घरी बसलो नसतो, माझ्यासारखे अनेक बसले नसते, तर माझ्या दोस्ताच्या घोषणा कुणी ऐकल्या असत्या?”

“उद्या पुन्हा असंच काही झालं तर?”

“मी जाणार नाही.”

“आणि तो?”

“तो जाईल. कुणीतरी जायलाच हवं.”

“आणि कुणीतरी घरी बसायलाही?”

“हो. पण कुणी जायचं न् कुणी बसायचं, हे कोण ठरवणार? मी माझ्यापुरतं ठरवलं. त्याच्यासाठी ठरवायचा हक्क मला नाही, आणि माझा निर्णय चूक होता असं म्हणायचा त्याला आहे. येत्या सामन्याला शेजारी बसणार आहोत. तो म्हणेलच.”