न छापलेल्या बातमीला किती गुण?

गेल्या दिवाळीत अकोल्याला घरी होतो तेव्हा सरांचा फोन आला. "बाबू, एक एक्सेल हाय, टोटलच बरोबर येऊन नाही रायली. पायतं काय जरा?"

सर आमच्या गल्लीतले. एका महाविद्यालयात पदव्युत्तर पत्रकारिता शिकवतात, तेही सीएचबीवर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. सकाळी अकोल्याहून गाडी पकडायची, मूर्तिजापूर मागे टाकून बडनेऱ्याला उतरायचं, तिथून अमरावती. संध्याकाळी उलट. अमरावतीत पत्रकारिता शिकायची सोय तशी बरी आहे. दिल्लीच्या आयआयएमसीचं पश्चिम विभागीय केंद्रही २०११ पासून इथेच आहे. सरांचं कॉलेज मात्र छोटं. वर्गात चोवीस मुलं.

एक्सेल होती नॅकसाठी. नॅकच्या दुसऱ्या निकषात २.६ असा एक भाग आहे: विद्यार्थी काय शिकले, ते दाखवा. त्यासाठी प्रत्येक विषयाचे 'कोर्स आउटकम' ठरवायचे, प्रत्येक आउटकम कुठल्या तरी परीक्षेला किंवा असाइनमेंटला जोडायचा आणि किती मुलांनी तो गाठला ते आकड्यात मांडायचं. मी इंजिनिअरिंगला असताना आमच्याही डिपार्टमेंटमध्ये हे चालायचं. तेव्हा आम्ही फक्त फीडबॅक फॉर्मवर डोळे झाकून 'उत्तम' टिकवायचो.

सरांच्या विषयाचे पाच आउटकम होते. चौथा असा: 'विद्यार्थ्याला माहितीची स्वतंत्र पडताळणी करता येते.' तो वीस गुणांच्या एका असाइनमेंटला जोडलेला. अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या एका आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला भेटायचं आणि सहाशे शब्दांची बातमी लिहायची.

फॉर्म्युला पाच मिनिटांत दुरुस्त झाला. साठ टक्के मुलांनी ठरलेले गुण गाठले तर पातळी एक, सत्तर टक्क्यांनी गाठले तर दोन, ऐंशीला तीन. 'ठरलेले गुण' होते साठ टक्के, म्हणजे वीसपैकी बारा. चोवीसपैकी तेरा मुलं बारा किंवा वर होती. चौपन्न टक्के. पातळी शून्य, सेल लालभडक.

सर गप्प झाले. मग म्हणाले, "ठरलेले गुण पन्नास टक्के केले तं?"

एफ-३ या सेलमध्ये साठच्या जागी पन्नास लिहिलं. दहा-अकरा गुणवाली सात मुलं आत आली. वीस मुलं, त्र्याऐंशी टक्के, पातळी तीन. लाल सेल हिरवी झाली. खोटं कुठेच नव्हतं. ही मर्यादा कॉलेजनेच ठरवायची असते, आणि कॉलेजतर्फे ती सरांनी ठरवली. सरांनी चहा मागवला. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

त्या रात्री मामाकडे फराळाला गेलो. मामेबहीण त्याच वर्गात शिकते. मी सरांकडे जाऊन आलो हे तिला कळलं होतं. चकली मोडत ती म्हणाली, "सतरा नंबर पाहिला असशील ना? सात मार्कवाला?"

पाहिला होता. तळातल्या चार ओळींतली सगळ्यात खालची.

ती अकोला जिल्ह्यातल्या एका गावात तीनदा जाऊन आली होती. आत्महत्या सरकारी फायलीत 'अपात्र' ठरलेली. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी: सरकारची एक लाखाची मदत मिळायला मृत्यू 'पात्र' ठरावा लागतो. कुटुंबाच्या नावावर शेती हवी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं. या माणसाचं कर्ज बिनपरवाना सावकाराचं होतं, कागद नव्हता. म्हणजे मोजणाऱ्यांच्या लेखी कर्जच नव्हतं. (२००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात अकोला-अमरावतीही होते. आम्ही तेव्हा शाळेत. 'पॅकेज' हा शब्द मी आयटीत गेल्यावर नाही, तेव्हा शिकलो.)

पहिल्या भेटीत बाईंनी सावकाराचं नाव सांगितलं. दुसऱ्या भेटीत दीर म्हणाला, भाऊ दारू प्यायचा. कृषी केंद्रवाल्याने वहीत उधारी दाखवली. तिसऱ्या भेटीत बाई म्हणाल्या, "पोरी, लिहू नको वं. जमीन सासऱ्याच्या नावावर हाय, मले इथंच राहाचं हाय." बहिणीने बातमी लिहिली नाही. दोन पानं लिहून दिली: मला काय कळलं, कोणाकडून कळलं, काय जुळत नाही आणि काय का लिहीत नाही.

तपासायच्या तक्त्यात चार गोष्टी होत्या: मथळा आणि इंट्रो पाच, रचना पाच, उद्धृतं आणि स्रोत पाच, भाषा पाच. तिच्या पानांना मथळाच नव्हता, उद्धृत एकही नव्हतं. सरांनी तक्त्याबरहुकूम, अगदी प्रामाणिकपणे सात गुण दिले.

सतरा गुण मिळालेल्या एका मुलाने तिला कॅन्टीनमध्ये हसत सांगितलं होतं की तो गावाला गेलाच नाही. पेपरचं कात्रण, एक फोन, बाकी बाईंचे हुंदके त्याने घरीच लिहिले.

म्हणजे 'पडताळणी करता येते' या रकान्यात तो हिरवा होता आणि ती लाल. मी बदललेल्या मर्यादेनंतरही लालच. घरी येताना माझ्या डोक्यात हेच फिरत होतं.

आमच्या धंद्यात याला ओळखीचं नाव आहे. कोडच्या किती ओळी टेस्टने चालवून पाहिल्या, त्याला कव्हरेज म्हणतात. एका डेडलाइनला मी अशा टेस्ट लिहिल्यात की ज्या प्रत्येक ओळ चालवतात, पण उत्तर बरोबर आलं का हे तपासतच नाहीत. कव्हरेज शंभर टक्के, डॅशबोर्ड हिरवा. सरांचा तक्ता तसाच होता. मोजत होता बातमीची घडण आणि नाव लावत होता पडताळणीचं.

वाटतं तितकं हे कॉलेजपुरतं नाही. १९८० साली वॉशिंग्टन पोस्टमध्ये जॅनेट कुक हिने हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची बातमी लिहिली. १९८१ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. दोनच दिवसांत ते परत करावं लागलं, कारण तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. पण तिला पकडून दिलं ते बातमीने नव्हे. बक्षिसानंतर छापून आलेल्या तिच्या परिचयातल्या पदव्या जुळेनात, म्हणून चौकशी झाली. बातमी उत्तम घडलेली होती. आमच्या तक्त्यावरही तिला वीसपैकी अठरा-एकोणीस पडले असते.

मग मोजणंच बंद करायचं? हे म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याला कधी तोंड पाहून मार्क मिळालेत त्याला. सर स्वतः सांगतात, त्यांच्या काळी तक्ता नव्हता तेव्हा 'रायला' लिहिणाऱ्याचे गुण भाषेतच संपायचे आणि पुण्याची मराठी लिहिणारा पुढे जायचा. तक्त्याने निदान भाषेला पाचावर बांधून ठेवलं. ती मामुली गोष्ट नाही.

माझी खरी अडचण दुसरीकडे आहे. समजा, 'न लिहिण्याचा निर्णय' यालाही पाच गुण ठेवले. पुढच्या वर्षी चोवीसच्या चोवीस मुलं दोन पानं आणून देतील: खात्री झाली नाही, म्हणून लिहिलं नाही. आळशी मुलाचं कोरं पान, घाबरलेल्याचं कोरं पान आणि माझ्या बहिणीचं कोरं पान दिसायला सारखंच. फरक आहे तो ती तीनदा एसटीने गेली त्यात, आणि तिसऱ्यांदा त्या ओट्यावर काय झालं त्यात. पहिली गोष्ट शोधता येते: वही, तारखा, फोन. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही शेवटचा कोड नाही, त्याचा सगळा इतिहास पाहतो, तसं. दुसरी गोष्ट फक्त विचारता येते, समोर बसवून. आणि तिथे गुण देणाऱ्याला स्वतःचा निवाडा करावा लागतो, जो टाळण्यासाठीच तक्ता आणला होता.

वर हा निवाडा फुकट होत नाही. चोवीस मुलं, प्रत्येकाच्या दोन स्रोतांना फोन म्हणजे अठ्ठेचाळीस फोन. सीएचबीच्या बिलात फोनचा तास बसत नाही. एक्सेल बसते.

सरांना मी बहिणीचं आणि त्या मुलाचं नाव सांगितलं नाही. बहिणीने बजावलं होतं. एवढंच म्हणालो की सर, न जाताही या तक्त्यात सतरा मिळू शकतात. ते बराच वेळ गाडीच्या पासशी चाळा करत बसले. "मले मालूम हाय," म्हणाले. एफ-३ मी परत साठ करू का विचारलं. फाइल वर गेली होती.

पुढच्या सत्रात त्यांनी तक्त्याखाली पेनाने एक ओळ वाढवली, 'कसं कळलं?', आणि स्वतःच्या मोबाइलवरून मुलांच्या स्रोतांना फोन लावायला सुरुवात केली. बहुतेक बडनेऱ्याच्या फलाटावरून. सात मुलांपर्यंत पोहोचले, तोवर सत्र संपलं.