पिवळी लोकर

एका गावात एक आक्का राहत होत्या. आळीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे लहानशी ओसरी होती आणि ओसरीवर सतरंजीचा एक तुकडा कायम अंथरलेला असे. त्यावर बसून आक्का विणत. विणकाम त्या लहानपणी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून शिकल्या होत्या. तेव्हा सुया घ्यायला पैसे नव्हते. वडिलांनी सायकलच्या चाकाच्या दोन जुन्या तारा सरळ केल्या, त्यांची टोकं पायरीच्या दगडावर घासून गुळगुळीत केली आणि लेकीच्या हातात दिल्या. पुढे चांगल्या सुया आल्या, पण त्या तारा आक्कांनी टाकल्या नाहीत. बाळाचे मोजे त्या अजून त्यांच्यावरच विणत.

आळीत कुणाला दिवस गेले की आक्कांना आधी कळे. सातवा महिना लागला, डोहाळजेवण झालं, की त्या बाजारात जाऊन लोकर आणत. रंग बहुधा पिवळा. मुलगा होवो की मुलगी, पिवळा दोघांनाही शोभतो, असं त्या म्हणत. मग एक टोपडं, एक स्वेटर आणि मोज्यांचा जोड तयार होई. एवढ्याला दीडएकशे ग्रॅम लोकर लागे. स्वेटर त्या पुढून उघडा ठेवत, कारण बाळाचं डोकं मोठं असतं, गळ्यातून घालताना ते रडतं. बटणं पाठीवर कधी लावत नसत, निजलेल्या बाळाला ती टोचतात. बाह्या मुद्दाम लांब ठेवत. पहिल्या थंडीत दुमडायच्या, दुसऱ्या थंडीत सोडायच्या. बाळंतविड्यात आक्कांचा हा आहेर असायचाच. बदल्यात त्या काही मागत नसत. कुणी नारळ देई, कुणी ओंजळभर तांदूळ. तेवढं त्या आनंदाने घेत.

एका मार्गशीर्षात आळीत दोन बाळं आली. एक माडीवरच्या घरात, एक शेवंताच्या घरात. माडीवरचं घर सुखवस्तू होतं. शेवंताचा नवरा दूध घालत असे. दोन्ही घरांसाठी आक्कांनी एकाच वेळी आणलेली, एकाच रंगाची लोकर वापरली होती. वीणही एकच होती. खालचा काठ एक सुलट, एक उलट, आणि छातीवर बारीक जाळी.

माडीवरच्या वहिनींनी ते हातात घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“आक्का, किती सुंदर! हे रोजच्या वापरात नाही हं काढायचं. दुधाचे डाग पडतील, नख लागेल. मी हे जन्मभर जपून ठेवणार.”

त्यांनी मलमलीच्या फडक्यात सगळं नीट घडी करून बांधलं. त्यात डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या आणि गाठोडं कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलं. बाळासाठी दुकानातून दोन स्वेटर आले, ते रोजच्या वापरात राहिले. वहिनींच्या मनात आक्कांबद्दल खरी माया होती. म्हणूनच त्यांनी तसं केलं.

शेवंताने त्याच संध्याकाळी बाळाला स्वेटर घातला. बाहेर गारठा होता. घराच्या पत्र्यातून वारा आत येत होता. टोपड्याची नाडी हनुवटीखाली बांधली तेव्हा बाळाचा चेहरा तेवढा दिसत होता.

त्या थंडीत तो स्वेटर रोज अंगावर चढला. त्यावर दूध सांडलं, घुटीचा डाग पडला, बाळाने काठ चोखून ओला केला. शेवंता तो रिठ्याच्या गार पाण्यात हलक्या हाताने धुवी, पिळत नसे, चटईवर पसरून सावलीत वाळवी. आक्कांनीच तसं सांगितलं होतं. गरम पाण्यात लोकर आटते आणि वर टांगली तर आपल्याच वजनाने लोंबते. दुसऱ्या थंडीत बाह्यांच्या दुमडी सुटल्या. पोर रांगायला, मग चालायला लागलं आणि कोपरं झिजली. घरात पिवळा दोरा नव्हता, म्हणून शेवंताने हिरव्या दोऱ्याने कोपर रफू केलं. पुढे धाकटा झाला. तोही त्याच स्वेटरमध्ये दोन थंड्या राहिला. मग मनगटाचे काठ सुटले आणि एक बटण हरवलं.

शेवंताला त्याची लाज वाटायची. आक्कांच्या ओसरीवरून जाताना ती पोराच्या अंगावरून पदर घ्यायची. आक्कांनी इतकं निगुतीनं केलं आणि आपण त्याची काय दशा केली, असं तिला वाटे. आक्कांना ते दिसत होतं. त्या काही बोलल्या नाहीत.

पाच वर्षं गेली. आक्कांची नजर कमी झाली, पण बोटांना टाके पाठ होते. दसरा झाला आणि आळीत भाड्याने राहायला आलेल्या मास्तरांच्या बायकोला सातवा लागला. आक्का काठी टेकत बाजारात गेल्या. त्यांच्या नेहमीच्या दुकानात खरी लोकर उरली नव्हती. कारखान्याच्या धाग्याचे रंगीत गोळे रांगेने मांडले होते. आक्कांनी एक गोळा बोटांनी चाचपला, परत ठेवला आणि रिकाम्या हाताने घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आळीत निरोप धाडला. ज्यांच्याकडे मी विणलेलं जुनं काही असेल, त्यांनी ते घेऊन यावं. उसवून पुन्हा विणता येईल.

दुपारी ओसरीवर बायका जमल्या. कुणी लेकाचा आखूड झालेला स्वेटर आणला, कुणी एकच उरलेला मोजा. शेवंता सगळ्यांच्या मागे उभी होती. आक्कांनी हाक मारली तेव्हा तिने पदराखालून पिवळं बोचकं काढलं.

“आक्का, दाखवायला लाज वाटते. पार चिंधी झालीय. पण टाकवेना.”

आक्कांनी स्वेटर मांडीवर पसरला. बोटं फिरवत त्या हिरव्या कोपरापाशी आल्या आणि थांबल्या.

“हे कुणी शिवलं?”

“मीच. पिवळा दोरा नव्हता घरात.”

“चांगलं शिवलंयस,” आक्का म्हणाल्या. “किती जणांनी घातला हा?”

“दोघांनी.”

“दोघांनी,” आक्का पुन्हा म्हणाल्या आणि हसल्या.

एवढ्यात माडीवरच्या वहिनी आल्या. बरोबर त्यांचा पाच वर्षांचा मुलगा होता. वहिनींच्या हातात मलमलीचं गाठोडं होतं, जसं बांधलं होतं तसंच. त्यांचा चेहरा उजळला होता.

“आक्का, माझं मात्र अगदी नवंच्या नवं आहे. एकदाही घातलेलं नाही.”

त्यांनी गाठ सोडली. वरून सगळं जागच्या जागी होतं. नाडीला अजून गाठीची घडीही पडलेली नव्हती. मुलाने एक मोजा उचलला, पायाला लावून पाहिला. त्यात त्याची नुसती बोटं मावली.

“आई, हा माझा होता?”

“हो रे.”

“मग मला का नाही घातलास?”

वहिनींना उत्तर सुचलं नाही. त्यांनी स्वेटर उचलून उजेडात धरला आणि हात तसाच राहिला. जाळीच्या विणीत नसलेली भोकं त्यात दिसत होती. पाठीवर, बाहीवर, खांद्याशी. फडक्यात बारीक भुकटी सांडली होती. डांबराच्या गोळ्या केव्हाच उडून गेल्या होत्या आणि नव्या टाकायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. लोकरीला कसर लागली होती.

आक्कांनी तो हातात घेतला. खांद्याची शिवण कापली, शेवटच्या टाक्याचा दोरा शोधला आणि ओढला. वीतभर धागा आला आणि तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला.

मग त्यांनी शेवंताचा स्वेटर घेतला. झिजलेली मनगटं आणि कोपरं कात्रीने वेगळी केली. विणलेलं उसवताना शेवटाकडून सुरुवात करावी लागते, सुरुवातीकडून गेलं तर नुसता गुंता होतो. आक्कांनी मानेपाशी बंद केलेला टाका सोडला आणि दोरा शेवंताच्या हातात दिला.

“ओढ.”

शेवंताने भीत भीत ओढला. ओळीमागून ओळ सुटत गेली. दोरा तुटला नाही. पाठ सुटली, छातीवरची जाळी सुटली, खालचा काठ आला. शेवंता ओढत होती आणि मास्तरांची बायको खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत होती. डाग होते, रंग थोडा उतरला होता, पण धागा अखंड होता.

वहिनी खाली बसल्या.

“आक्का, मी तर जपलं होतं हो.”

“जपलंस गं, पोरी. मला का ठाऊक नाही?” आक्का म्हणाल्या. “पण कसर अंगावरच्या कपड्याला नाही लागत. ऊन, वारा, झटकणं तिला सोसत नाही. जिथे अंधार असतो आणि महिनोन् महिने कुणाचा हात लागत नाही, तिथे ती घर करते.”

वहिनी बराच वेळ त्या भोकांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आता हे फेकायचंच ना?”

“फेकायचं कशाला? दिवाळी आलीय की तोंडावर. उद्या सकाळी ये. मुलालाही आण.”

पुढचे काही दिवस आक्कांच्या ओसरीवर फार बरं चाललं होतं. असे दिवस ज्या आळीच्या वाट्याला येतात, ती आळी भाग्याची. शेवंताच्या लोकरीच्या लडीला चार ठिकाणी सैल दोरे बांधले, म्हणजे ती गुंतू नये. कोमट पाण्यात ती बुडवली. उसवलेल्या लोकरीला जुन्या टाक्यांच्या वळ्या असतात. त्या जाव्यात म्हणून ओली लडी दांडीवर टाकून खाली लहानसा तांब्या अडकवला. तरी जिथे वळ्या राहिल्या, तो भाग पातेल्याच्या वाफेवर धरला. दोरा सरळ झाला, फुलला. त्याचे गुंडे झाले. ते पुरे पडणार नव्हते, म्हणून बाह्यांसाठी आळीतल्या इतर जुन्या स्वेटरांची लोकर घेतली. एक बाही पांढरी, एक अबोली. आक्कांनी टाके घातले आणि सुई शेवंताच्या हाती दिली. आक्का सांगत आणि ती विणे. बाहीवर टाके कमी करायचे आले की दोन टाक्यांचा एक कसा करायचा, हे ती पहिल्याच दिवशी शिकली.

वहिनी आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या कोपऱ्यात बसत. कसरीने तोडलेली लोकर विणायच्या कामाची नव्हती, पण गोंड्यांना वीतभर धागाही पुरतो. तुकडे उन्हात पसरून झटकले, गरम पाण्यातून काढून वाळवले. मग चार बोटांभोवती ते गुंडाळायचे, अलगद काढून मधोमध घट्ट बांधायचे, दोन्हीकडचे फेर कापायचे आणि कात्रीने गोल करायचे. वहिनींचा पहिला गोंडा बांध सैल राहिल्याने हातातच विस्कटला. मुलगा हसला. त्यानेच बोट ठेवून दोरा दाबून धरला आणि दुसरा गोंडा नीट बांधला गेला. असे पुष्कळ गोंडे झाले. हिरव्या लोकरीच्या साखळीत ते ओवले आणि दारासाठी तोरण तयार झालं.

वसुबारसेला ते माडीवरच्या घराच्या दारावर लागलं. ये-जा करणाऱ्यांच्या डोक्याला गोंडे लागत. मुलगा रोज उडी मारून मधला गोंडा हाताने हलवी. तुळशीचं लग्न झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आता काढून नीट ठेव. पुढच्या वर्षी लावू.”

“नको, सासूबाई,” वहिनी म्हणाल्या. “राहू दे दारावर. मळलं तर धुईन. तुटलं तर आता मला करता येतं.”

पौषात मास्तरांच्या घरी मुलगी झाली. बाराव्या दिवशी आळीतल्या बायका बारशाला जमल्या. शेवंताने आणलेला स्वेटर पिवळा होता, एक बाही पांढरी, एक अबोली. मास्तरांच्या बायकोने तो घेतला आणि लगेच बाळाला चढवला. बाळाने थोड्याच वेळात त्यावर दूध काढलं. शेवंता पुसायला पुढे झाली, तर आक्का म्हणाल्या, “असू दे गं. सुरुवात झाली.”

वहिनींची चूक म्हणावी तर ती मायेपोटी झाली होती, आणि आपल्यापैकी बहुतेकांची तशीच होते. हाताने केलेली वस्तू कुणी दिली की आपण तिला मान देतो, आणि मान म्हणून ती कपाटात ठेवतो. विणणारीने मात्र ती एका अंगाचं माप मनात धरून विणलेली असते. बाही किती लांब हवी, बटण कुठे टोचेल, याचा विचार तिने ओळीओळीला केलेला असतो. ती वस्तू घातली, वापरली, तरच तो विचार ज्याच्यासाठी होता त्याच्यापर्यंत पोचतो. आणि वापरलेलं दुरुस्त करता येतं, उसवून पुन्हा उभं करता येतं, कारण त्यात धागा शिल्लक असतो.

तुमच्याही कपाटात आजीने, आत्याने, मावशीने विणलेलं काही घडी घालून ठेवलेलं असेल. या थंडीत ते बाहेर काढा, उन्हात झटका आणि घाला. कोपर फाटलं, तर विणणारीला नेऊन दाखवा.