गाळलेली ओळ

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात बांधावरून भावकीत जुंपली. शब्दाने शब्द वाढला, धाकट्याने चुलत्याला ढकललं, चुलता चारीत पडला आणि त्याचा हात मोडला. संध्याकाळी पोलीस धाकट्याला घेऊन गेले.

थोरल्याने रातोरात उसनवारी केली आणि सकाळी आईला घेऊन तालुक्याचं कोर्ट गाठलं. फाटकातच एकाने त्यांना हेरलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फायली.

“कलम ११७ लागलंय. सात वर्षं आत जातोय तुमचा भाऊ. आमचे वकीलसाहेब मोठे आहेत, वरपर्यंत ओळख आहे. साठ हजार टाका, संध्याकाळी पोरगं घरी. गॅरंटी!”

थोरल्याचा हात खिशाकडे गेला. आईने विचारलं, “साहेबांनी फिर्यादीचा कागद वाचलाय का?”

“कागद काय वाचायचा मावशी? काम झाल्याशी मतलब.”

आईने पोराला बाजूला ओढलं. “गाय घेताना दात बघतोस, चालवून बघतोस, धार काढून बघतोस. आणि वकील नुसता बोलण्यावर घेणार?”

कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय होतं. तिथल्या कारकुनाने सांगितलं, “कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्याचं उत्पन्न किती, हे बघत नाहीत. १९८७ चा कायदाच आहे तसा.”

फुकटचा वकील काय कामाचा, असं थोरल्याच्या मनात आलं. पण समितीच्या यादीतल्या वकीलबाई आल्या, त्यांनी एफआयआरची प्रत मागवली आणि ती दोनदा वाचली. मग प्रश्न सुरू झाले. हातात काठी होती का? आधीचा एखादा गुन्हा? भांडण कोणी पाहिलं?

“माझं पोर तिथं नव्हतंच हो,” आई म्हणाली.

“मावशी, मला खरं सांगा. जे मला ठाऊक नसेल, ते ऐन साक्षीच्या वेळी समोरून बाहेर येईल. तेव्हा मी काहीच करू शकणार नाही.”

आई गप्प झाली. थोरल्याने झालं ते सगळं सांगितलं: काठी नव्हती, पण ढकललं होतं.

वकीलबाईंनी कागदावर बोट ठेवलं. “कलम ११७, पोटकलम २. सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे खरं. पण हा गुन्हा जामीनपात्र आहे. इथे जामीन हा तुमच्या भावाचा हक्क आहे, त्याला कुणाची ओळख लागत नाही. सातबारा असलेला एक जामीनदार उभा करा.”

“मग निर्दोष सुटेलच ना तो?”

“ते मी सांगणार नाही. खटला चालेल, साक्षी होतील. निकालावर फी ठरवायलासुद्धा वकिलाला मनाई आहे. मग निकालाची हमी मी कुठून देऊ?”

गावातला एक शेतकरी सातबारा घेऊन आला आणि दुपारी धाकटा जामिनावर सुटला. परतताना थोरला बराच वेळ बोलला नाही. सात वर्षांचा आकडा दोघांनीही सांगितला होता आणि दोघांचाही खरा होता. फाटकातल्या माणसाने फक्त पुढची ओळ गाळली होती आणि त्या गाळलेल्या ओळीचेच साठ हजार मागितले होते.

आता गावात कुणावर असा प्रसंग आला की लोक थोरल्याकडे येतात आणि चांगल्या वकिलाचं नाव विचारतात. तो नाव नंतर सांगतो. आधी म्हणतो, “तुमचा कागद कोण वाचतो ते बघा. आणि जो वाचेल, त्याच्यापासून काही लपवू नका.”

तात्पर्य: घाबरलेल्या माणसाला हमी गोड लागते, पण त्याला सोडवतो तो नीट वाचलेला कागद आणि वकिलाला सांगितलेलं खरं.